एक्झिट पोल ऐकताना जागांचा आकडा बाजूला ठेवा

१ जून २०२४ ला लोकसभेच्या सातव्या टप्प्याचं मतदान संपलं आणि संध्याकाळी साडेसहाला सगळ्या वाहिन्यांवर एकदम एक्झिट पोल झळकले. अ‍ॅक्सिस माय इंडियाने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या, टुडेज चाणक्यने चारशेच्या आसपास, सी-व्होटरने ३५३ ते ३८३. सोमवारी, ३ जूनला, शेअर बाजार उघडला तो उसळतच. सेन्सेक्स दिवसभरात सुमारे अडीच हजार अंकांनी चढला. मंगळवारी मतमोजणी झाली. एनडीएच्या वाट्याला २९३ जागा आल्या, एकट्या भाजपच्या २४०. त्या एका दिवसात सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळला आणि गुंतवणूकदारांचे कागदावरचे सुमारे ३१ लाख कोटी रुपये नाहीसे झाले. सोमवारी शेअर घेणाऱ्यांत अनेक जण दोन संध्याकाळच्या चर्चा ऐकून उतरलेले साधे पगारदार लोक होते.

पैशाचं नुकसान डोळ्यांना दिसतं. दुसरं नुकसान तसं दिसत नाही, आणि मला ते अधिक गंभीर वाटतं. लोकसभेत बहुमताला २७२ लागतात. २९३ जागा म्हणजे बहुमतच. पण तीन दिवस चारशेची चर्चा कानांवर आदळल्यामुळे देशातल्या निम्म्या लोकांना तो पराभव वाटला आणि निम्म्यांना ९९ जागा मिळवणाऱ्या काँग्रेसचा विजय वाटला. पाचच महिन्यांनी महाराष्ट्रात उलटं घडलं. २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानानंतर बहुतेक चाचण्यांनी महायुतीला १४० ते १७० च्या आसपास ठेवलं होतं. काहींनी महाविकास आघाडी पुढे दाखवली होती. २३ तारखेला भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ अशा तिघांच्याच २३० जागा झाल्या. त्या संध्याकाळी अनेक घरांत पहिली प्रतिक्रिया आनंदाची किंवा दुःखाची नव्हती, ‘हे शक्यच नाही’ अशी होती.

चाचणी चुकली, एवढ्यावर हा विषय संपत नाही. निकालाचा अर्थ कोणत्या मापाने लावायचा ते माप चाचणी आधीच आपल्या हातात देऊन ठेवते, आणि मग खऱ्या निकालाकडे आपण त्या मापाने पाहतो. म्हणून चाचण्या पाहूच नका असं मी सांगणार नाही. त्या नीट पाहता येतात. त्यासाठी कोणता आकडा मोजलेला आहे आणि कोणता बसवलेला आहे, हे ओळखता यायला हवं.

मोजलेलं काय, बसवलेलं काय

चाचणी घेणारा माणूस मतदाराला एकच गोष्ट विचारतो: तुम्ही कुणाला मत दिलंत, किंवा देणार आहात? त्या उत्तरांतून मिळते ती मतांची टक्केवारी. जागा कुणीच मोजत नाही. टक्केवारीवरून जागा काढण्यासाठी प्रत्येक संस्थेची आपापली गणितं असतात. मागच्या निवडणुकीचे आकडे, विभागवार झुकाव, आघाड्यांची मतं एकमेकांकडे किती वळतील याचे अंदाज, असं बरंच काही त्यात मिसळतं. म्हणजे पडद्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा हा अंदाजावर उभारलेला दुसरा अंदाज असतो.

हे दोन आकडे किती वेगळे वागू शकतात, ते आपल्याच राज्यात पाहा. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या एकूण मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. दोघांनाही ४३ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यान मतं पडली. जागा मात्र ३० आणि १७, आणि सांगलीची एक अपक्षाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हरियाणात भाजपला ३९.९ टक्के आणि काँग्रेसला ३९.१ टक्के मतं मिळाली. जागा ४८ आणि ३७. एक्झिट पोलवाल्यांनी तिथे काँग्रेसची सत्ता जवळपास पक्की सांगितली होती.

देशपातळीवरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०१९ मध्ये भाजपला ३७.४ टक्के मतं होती, २०२४ मध्ये ३६.६ टक्के. एका टक्क्याहूनही कमी घट. जागा ३०३ वरून २४० वर आल्या. आता एखाद्या संस्थेने २०२४ मध्ये भाजपच्या मतांचा अंदाज फक्त एका टक्क्याने चुकवला असता, तर संख्याशास्त्राच्या हिशेबात ते उत्तम काम ठरलं असतं. पण तेवढ्याशा चुकीत पन्नास-साठ जागा इकडच्या तिकडे होऊ शकतात. आपल्याकडे ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो. तो एका मताने आला काय आणि एक लाखाने आला काय, जागा एकच. पक्षाची मतं कुठे साठली आहेत आणि कुठे पातळ पसरली आहेत यावर सगळं अवलंबून असतं, आणि नेमकं तेच राज्यभराच्या चाचणीत हाती लागत नाही.

म्हणून पहिली सवय लावून घ्या. जागांचा आकडा आला की तो बाजूला ठेवा आणि मतांची टक्केवारी शोधा. पहिल्या दोन आघाड्यांतलं अंतर तीन-चार टक्क्यांच्या आत असेल, तर त्या चाचणीने ‘कोण जिंकणार ते सांगता येत नाही’ एवढंच सांगितलं आहे, निवेदक कितीही ठामपणे बोलत असला तरी. आणि टक्केवारी दिलेलीच नसेल, फक्त जागाच दिल्या असतील, तर ती चाचणी तपासण्याचा कोणताही मार्ग तुमच्याकडे ठेवलेला नाही. तिच्यावर वेळ घालवू नका.

‘आम्ही एवढ्या लाख लोकांशी बोललो’

नमुन्याच्या आकाराचा वाहिन्या फार गाजावाजा करतात. यातलं गणित समजायला सोपं आहे. खरोखर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येक मतदाराला निवडलं जाण्याची समान संधी देऊन, हजार माणसं निवडली तर टक्केवारीत साधारण तीन टक्के वर-खाली चूक धरावी लागते. दहा हजार घेतली तर ती एका टक्क्यावर येते. माणसं चौपट केली की चूक निम्मी होते. म्हणजे एका मर्यादेनंतर खर्च वाढतो आणि फायदा घटतो. हा फरक प्रत्येक पक्षाच्या टक्केवारीतला आहे. दोन पक्षांमधल्या अंतरावरची चूक त्याच्या जवळपास दुप्पट असते, आणि ही गोष्ट वाहिन्यांवर क्वचितच सांगितली जाते.

शितावरून भाताची परीक्षा करता येते हे खरं, पण कधी? सगळा भात एकाच भांड्यात आणि एकाच आचेवर शिजला असेल तेव्हा. महाराष्ट्राच्या विधानसभेची भांडी २८८ आहेत. एखादी संस्था २८,८०० लोकांशी बोलली तर ऐकायला आकडा भरभक्कम वाटतो, पण मतदारसंघामागे माणसं येतात शंभर. शंभर माणसांच्या नमुन्यात दहा टक्के वर-खाली चूक होऊ शकते. एवढ्यावर कुठल्या मतदारसंघात कोण निवडून येणार हे कोण सांगू शकेल? तरीही काही वाहिन्या जागानिहाय नावं दाखवतात. अशा वेळी काही निकाल आठवून ठेवा. २०२४ ला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला आणि साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले. गोव्यात तर मतदारसंघच पंचवीस-तीस हजार मतदारांचे. २०२२ मध्ये पणजीत बाबूश मोन्सेरात यांनी उत्पल पर्रीकरांना ७१६ मतांनी हरवलं. गोव्याच्या ४० जागांचा अंदाज सांगणाऱ्याने एकेका वाड्याची हालहवाल ठाऊक असल्याचा दावा केल्यासारखंच आहे. त्या वेळी बहुतेक चाचण्यांनी त्रिशंकू विधानसभा सांगितली होती. भाजपला २० जागा मिळाल्या, बहुमताला एकच कमी, आणि सरकार सहज बनलं.

मोठ्या नमुन्याने चूक झाकली जात नाही, हे जगाला १९३६ मध्येच कळलं. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली आणि वीस लाखांहून अधिक उत्तरं गोळा केली. त्यांचा निष्कर्ष होता की लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. मंदीच्या त्या वर्षांत गरीब माणूस त्या याद्यांत जवळपास नव्हताच. शिवाय ज्यांना राग होता त्यांनीच उत्साहाने उत्तरं पाठवली. सर्वेक्षणतज्ज्ञ जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने फार लहान नमुन्यावर रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं. तेव्हा किती लोकांशी बोललात हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न: कोण बोललं नाही?

जे बोलत नाहीत

एक्झिट पोलचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते डोळ्यांसमोर आणा. कंत्राटावर घेतलेला एक तरुण मतदान केंद्रापासून काही अंतरावर टॅब घेऊन उभा असतो. मागे पक्षांचे टेबल, कार्यकर्ते, गावातली ओळखीची माणसं. बाहेर पडणारा प्रत्येक ठरावीक क्रमांकाचा मतदार त्याने थांबवायचा असतो. पण घाईतला माणूस थांबत नाही. दलित वस्तीतली म्हातारी अनोळखी माणसासमोर मत उघड करत नाही. ज्या गावात एकाच घराण्याचं वजन आहे तिथे लोक ‘सुरक्षित’ उत्तर देतात. दिवसाला इतके फॉर्म भरलेच पाहिजेत अशी सक्ती असली, मोबदला कमी असला आणि देखरेख ढिली असली, की झाडाखाली बसून फॉर्म भरले जाण्याचा धोकाही असतो. फोनवरच्या सर्व्हेत तर कोण फोन उचलतं आणि कोण पूर्ण ऐकून घेतं, यावरच अर्धा निकाल ठरतो.

बायकांचा प्रश्न इथे विशेष महत्त्वाचा आहे. सर्व्हेवाला दारात आला की बोलायला पुरुष पुढे येतात. केंद्राबाहेर बाई थांबली तरी सोबत नवरा किंवा दीर असतो. संस्था म्हणतात, आम्ही महिलांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन भरपाई करतो. पण अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलणारी बाई आणि मान खाली घालून निघून जाणारी बाई, या दोघी सारखंच मत देतात असं त्यात गृहीत धरलेलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ६५ टक्क्यांहून अधिक महिलांनी मतदान केलं. हे प्रमाण २०१९ पेक्षा जवळपास सहा टक्क्यांनी वाढलेलं होतं. लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये ऑगस्टपासून खात्यांत येऊ लागले होते. त्या निकालाचं सगळं श्रेय या एका कारणाला देणं घाईचं होईल, पण चाचण्यांना ज्यांचा आवाज नीट ऐकू येत नाही अशा मतदारांचं वजन त्या निवडणुकीत वाढलं होतं एवढं नक्की.

आणि काही गोष्टी तर मतदाराने प्रामाणिक उत्तर दिलं तरी पकडता येत नाहीत. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं. मतदानयंत्रावर एका अपक्षासमोर नुसती तुतारी होती, लोक जिला पिपाणी म्हणतात. त्या अपक्षाला सुमारे ३७ हजार मतं पडली. पवारांच्या पक्षाचे उमेदवार शशिकांत शिंदे हरले ते सुमारे ३३ हजारांनी. त्या ३७ हजारांतल्या किती जणांनी बाहेर येऊन ‘तुतारीला मत दिलं’ असं सांगितलं असेल? सर्व्हेवाल्याच्या टॅबवर ते उत्तर कुणाच्या खात्यात गेलं असेल?

महाराष्ट्रात आता दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, बंडखोर, मैत्रीपूर्ण लढती असा पसारा आहे. स्थानिक निवडणुकांत तो आणखी वाढतो. मुंबई सोडली तर बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. एकच मतदार एका पक्षाच्या दोघांना आणि दुसऱ्याच्या एकाला मत देऊन येतो. महापालिकेच्या एक्झिट पोलचा आकडा ऐकलात तर त्यावर विधानसभेच्या आकड्याहूनही कमी विसंबा.

सगळे एकच सांगतात तेव्हा

दहा संस्था एकच सांगत असतील तर ते खरंच असणार, असं आपल्याला वाटतं. जून २०२४ मध्ये बहुतेक सगळे साडेतीनशेच्या वर होते आणि बहुतेक सगळे एकाच दिशेने चुकले. दहा जणांची पद्धत सारखी असेल, त्यांना न भेटणारे मतदार तेच असतील, तर सरासरी काढून चूक कमी होत नाही. ती तशीच राहते आणि वर पक्केपणाचा शिक्का बसतो. ‘पोल ऑफ पोल्स’ म्हणून जे दाखवतात त्याचं मोल म्हणूनच मर्यादित आहे.

शिवाय एकटं पडण्याची भीती या धंद्यात खरी आहे. २०१५ च्या बिहार निवडणुकीत अ‍ॅक्सिसच्या चाचणीत नितीशकुमार-लालूप्रसाद यांच्या महाआघाडीला १६९ ते १८३ जागा येत होत्या. इतरांच्या आकड्यांपासून ती इतकी लांब होती की ज्या वाहिनीसाठी केली तिने ती दाखवलीच नाही. महाआघाडीला मिळाल्या १७८. सर्वांत बरोबर चाचणी प्रेक्षकांपर्यंत वेळेवर पोचली नाही, ती वेगळी होती एवढ्याच कारणाने. त्याच निवडणुकीत दुसऱ्या एका नामांकित संस्थेने एनडीएला १५५ जागा दिल्या होत्या. त्यांना ५८ मिळाल्या.

या भीतीचा एक ठसा वारंवार दिसतो. लाट असते तेव्हा चाचण्यांना दिशा कळते, उंची कळत नाही. २०१५ ला दिल्लीत आम आदमी पक्षाला ७० पैकी ६७ जागा मिळाल्या, २०१७ ला उत्तर प्रदेशात भाजपला ४०३ पैकी ३१२. इतकं मोठं यश सांगण्याचं धाडस बहुतेकांना झालं नव्हतं. महाराष्ट्राचं नोव्हेंबर २०२४ याच रांगेतलं. माणूस मधला आकडा सांगतो, कारण मधला आकडा चुकला तर कमी चुकतो. तेव्हा एकतर्फी निकाल लागला आणि चाचण्यांनी अटीतटीची लढत सांगितली होती, तर ते नवल मानू नका. असं आपल्याकडे बरेचदा झालं आहे.

मतदानाआधीच्या चाचण्या आणि फोनवर येणारे ‘अहवाल’

मतदानाआधीच्या जनमत चाचण्यांवर एक्झिट पोलपेक्षाही कमी भरवसा ठेवावा. उमेदवार ठरलेले नसतात, आघाड्या बदलतात, शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारे असतात, आणि जो मत सांगतो तो मतदानाला जाईलच असं नसतं. शिवाय पैसे कुणी दिले हा प्रश्न आहेच. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने काही सर्व्हे संस्थांच्या लोकांना गाठलं, तेव्हा आकडे हवे तसे फिरवून द्यायची तयारी दाखवणारे संवाद देशाने पाहिले. सगळ्याच संस्था तशा आहेत असं म्हणणं अन्याय होईल. पण खर्च कुणी केला हे सांगितलेलं नसेल तर ती चाचणी मी प्रचारपत्रकाच्या गठ्ठ्यात ठेवते, तुम्हीही ठेवा.

कायदा लक्षात असला की अर्धी फसवणूक तिथल्या तिथे ओळखता येते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६-अ कलमानुसार मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जनमत चाचण्याही प्रत्येक टप्प्यात मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्ही-रेडिओवर दाखवता येत नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ असा: दोन टप्प्यांच्या मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पहिल्या टप्प्याचा एक्झिट पोल’ आला, तर तो एकतर खोटा आहे किंवा बेकायदा. ‘गुप्तचर खात्याचा अंतर्गत अहवाल’, ‘पक्षाचा गोपनीय सर्व्हे’, ‘फलोदीच्या सट्टा बाजाराचा भाव’ हे सगळं त्याच जातीचं. जो गोपनीय आहे तो तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येत नाही. पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्या काकांना, वहिनींना आदराने पण स्पष्ट सांगा.

अशा आकड्यांनी मतदाराचं नेमकं काय बिघडतं? ज्याचा उमेदवार मागे दाखवला जातो त्याला वाटतं, माझं मत वाया जाणार, मग येणाऱ्यालाच का देऊ नये? किंवा तो घरीच बसतो. ज्याचा उमेदवार पुढे आहे तोही कधी कधी घरीच बसतो, कारण ‘येतोय की तो’. २०२४ ला सांगलीत विशाल पाटील यांना दोन्ही आघाड्यांची उमेदवारी नव्हती. आघाड्यांच्या हिशेबाने त्यांना दिलेलं मत वाया जाणार होतं; ते लाखभर मतांनी निवडून आले. कुणाचं मत वाया जाणार हे मतदानाआधी सांगायची सोय कोणत्याही सर्व्हेत नाही.

शेअर बाजाराबद्दल थोडक्यात: मतदानाचा शेवटचा दिवस आणि मतमोजणी यांच्या मधल्या दिवसांत, फक्त एक्झिट पोलच्या आधारावर, काहीही घेऊ नका आणि काहीही विकू नका. तुमची एसआयपी चालू असेल तर चालू राहू द्या.

मोजणीच्या दिवशी

एक्झिट पोलची चूक मतमोजणीच्या सकाळीही पाठ सोडत नाही. आठ वाजता टपाली मतं मोजायला घेतात, साडेआठपासून मतदानयंत्रं उघडतात. पहिल्या तासाभरातले कल चाचणीशी जुळले की त्यांनाच निकाल समजलं जातं. ८ ऑक्टोबर २०२४ ला हरियाणात सकाळी काँग्रेस बरीच पुढे होती, दिल्लीत पक्ष कार्यालयात ढोल आणि जिलेबी सुरू झाली. दुपारपर्यंत चित्र पालटलं होतं.

निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदारसंघासमोर एकूण किती फेऱ्या आणि त्यांतल्या किती झाल्या ते दिलेलं असतं. ते पाहा. वीस फेऱ्यांपैकी चार झाल्या असतील आणि अंतर दोन हजारांचं असेल, तर अजून काहीच ठरलेलं नाही. मोजणी एका ठरावीक क्रमाने, केंद्रांच्या क्रमांकांनुसार होते. त्यामुळे एका तालुक्याची मतं आधी आणि दुसऱ्याची नंतर येतात. एखाद्या उमेदवाराची पिछाडी दुपारी भरून निघते याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. निकाल चाचणीपेक्षा फार वेगळा लागला की ‘यंत्रात गडबड झाली’ हे वाक्य लगेच येतं. निवडणुकीवर शंका घेण्याचा नागरिकाला पूर्ण हक्क आहे, आणि ती शंका गंभीरपणे ऐकली गेली पाहिजे. पण एक्झिट पोल हा तिचा पुरावा होऊ शकत नाही. वर सांगितलेल्या सगळ्या कारणांनी चुकू शकणारी गोष्ट दुसरी कुठली गोष्ट चूक आहे हे सिद्ध करू शकत नाही. शंका असेल तर मतदान केंद्रावर उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळणारा १७-सी नमुना मागा. त्यात त्या केंद्रावर किती मतं नोंदली गेली ते असतं. केंद्रनिहाय मतांचा नमुना २० पाहा आणि दोन्ही ताडा. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची मोजणी झाली का ते विचारा. मतदार यादीतली वाढ तपासा. हे प्रश्न ठोस आहेत आणि त्यांची उत्तरं मागता येतात.

हाच नियम निकालाचा अर्थ लावताना पाळा. तुलना चाचणीशी करू नका, मागच्या निवडणुकीतल्या मतांशी करा. महायुतीला लोकसभेत ४३ टक्क्यांहून थोडी अधिक मतं होती, सहा महिन्यांनी विधानसभेत सुमारे साडेएकोणपन्नास. ही सहा टक्के मतं का वाढली, हा अभ्यास करण्याजोगा प्रश्न आहे. एकशे साठचे दोनशे तीस कसे झाले, हा प्रश्न फक्त चाचणी करणाऱ्यांना विचारण्याजोगा आहे.

मग या चाचण्यांतून घ्यायचं काय? लोक काय विचार करत होते, ते. २०२४ च्या निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएसच्या पाहणीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता या प्रश्नाला २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई असं उत्तर दिलं होतं. निम्मा देश पोटापाण्याच्या चिंतेत होता आणि ते एप्रिलमध्येच छापून आलं होतं. ज्यांनी ती पानं वाचली त्यांना ४ जूनचा धक्का जरा कमी बसला असेल. कोणत्या वयाचे, कोणत्या जातीसमूहाचे, कोणत्या उत्पन्नाचे लोक कुणाकडे आणि का वळले, हे सांगणारा भाग निकालानंतर छापला जातो तेव्हा बहुतेकांचं लक्ष उडालेलं असतं. चाचणीचं खरं मोल त्या पानांत आहे. ती जपून ठेवा.

पुढच्या निवडणुकीत तुमच्या वर्तमानपत्राने किंवा वाहिनीने चाचणी दिली, तर संपादकांना एक पत्र लिहा. पैसे कुणी दिले, कोणत्या तारखांना, किती मतदारसंघांत, किती जणांशी, कोणत्या पद्धतीने बोललात, किती जणांनी उत्तर नाकारलं, त्यात बायका किती, मतांची टक्केवारी किती आणि चुकीची मर्यादा किती, हे आकड्याशेजारीच छापा अशी मागणी करा. चाचणी कुणी केली, कशी केली, नमुना किती घेतला हे वाचकांना सांगावं, ही अपेक्षा प्रेस कौन्सिलच्या मार्गदर्शक तत्त्वांत आधीपासूनच आहे. ती पाळली जात नाही, कारण वाचक विचारत नाहीत. आपण विचारू या.